डोमाजीची भट्टी

पूर आला की माणसं नदीकडे धावतात आणि पूर ओसरला की आपापल्या घरी जातात. माझं काम ती घरी गेल्यावर सुरू व्हायचं. नागपूरच्या कचेरीत मदत आणि पुनर्वसनाच्या शाखेत मी नायब तहसीलदार होतो. ज्या शाखेत कुणी स्वखुशीनं येत नाही आणि एकदा आला की सुटत नाही, अशी ती शाखा. केस काळे असताना शिरलो, पांढरे झाल्यावर सुटलो. या अंकाच्या संपादकांनी 'थरारक आठवणी लिहा' असं बजावलंय. आता त्यांना कसं सांगू? थरार चालू असायचा तेव्हा मी बहुधा कुठल्या तरी शाळेच्या ओट्यावर डाळीची पोती उतरवून घेत असायचो. होडीतून बाळंतिणीला काढणारे जवान वेगळे, त्यांचे फोटो वेगळे. आमच्या वाट्याला मागचा चिखल, माश्या आणि 'साहेब, आता पुढं काय?' हा प्रश्न.

बाहेरच्या माणसाला वाटतं की मदत करणं अवघड. मदत करणं फार सोपं असतं हो! पहिल्या आठवड्यात सगळं जग दाता होतं. भाकऱ्यांचे गठ्ठे येतात, गांधीबागेच्या कापडबाजारातून तागे येतात, जुन्या कपड्यांचे ट्रक येतात. एका ट्रकात मला नुसते टाय सापडले होते, रंगीबेरंगी. गावातल्या बायांनी त्या टायांनी बकऱ्या बांधल्या आणि त्या बकऱ्या अगदी बँकेत निघाल्यासारख्या दिसत. एक पुढारी पंगतीत स्वतः वरण वाढायचं म्हणून हटून बसले. फोटोवाल्याकडे बघता बघता अर्धं वरण त्यांनी स्वतःच्याच धोतरावर वाढून घेतलं. हे असं सगळं पहिल्या आठवड्यात. मग पेपरवाले जातात, पुढारी जातात, ट्रक यायचे थांबतात. उरतात ती माणसं, पंगत, आणि मी.

आमच्या धंद्यातलं खरं अवघड काम म्हणजे पंगत बंद करणं. फार लवकर बंद केली तर माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या खाणीत, मिळेल तिकडे पांगतात आणि गाव परत भरत नाही. फार उशिरा केली तर घरची चूल पेटवायचीच सवय मोडते. ती वेळ कुठल्याही नियमात लिहिलेली नसते, नाकानं ओळखावी लागते. माझी एक खूण ठरलेली होती. माणसं गुपचूप जेवतात तोवर ती बुडालेलीच असतात. ज्या दिवशी एखादी बाई ताट पुढं करून म्हणते, 'हे काय वरण हाय का पाणी?', त्या दिवशी समजावं की आता ही बाई घरी जायला तयार झाली. वरिष्ठांना ही खूण सांगितली तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

एका गावात मात्र ही खूण चालली नाही. त्या गावाचं सांगतो.

कामठीच्या पुढं कन्हान नदीच्या काठी ते गाव. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. गावाच्या उतारावर, नदीला लागून, विणकरांची एक ओळ होती. सगळे हातमागावर लुगडी विणणारे. आषाढात नदी फुगली आणि ती ओळ नेली. माणसं वाचली, कारण ती आधीच टेकाडावरच्या शाळेत पळाली होती. घरं गेली, माग गेले, मागावर चढवलेलं सूत गेलं. शाळेत छावणी पडली. मुलांची शाळा मारुतीच्या देवळात भरू लागली.

मी पोहोचलो तेव्हा छावणीत गोंधळ होता. लाकडं होती, डाळ-तांदूळ होते, पण भट्टी नव्हती. मोठ्या गंजासाठी, म्हणजे पातेल्यासाठी, जमीन खणून भट्टी करतात. इथं शाळेचं सगळं आवार खडकाचं, कुदळ आत जाईना. त्या गर्दीतून एक बारीक, वाकलेला माणूस पुढं आला. कुणाला काही न विचारता त्यानं चार जणांना नदीवरून चिकट माती आणायला लावली आणि खणायच्या ऐवजी भट्टी जमिनीवर बांधत नेली. कमरेएवढ्या मातीच्या भिंती, पुढून तोंड, बाजूला उभं राहून ढवळायला ओटा. दुसऱ्या दिवशी तिच्यावर खिचडी शिजली. त्या माणसाचं नाव डोमाजी.

डोमाजी विणकर होता. पुराआधी गावात त्याला कुणी फारसं विचारत नसे. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, म्हणजे दारातून जाणाऱ्याला तो कमरेच्या वरचाच दिसतो. डोमाजीला लोकांनी वर्षानुवर्षं तेवढाच पाहिला होता. छावणीत तो पहिल्यांदा अख्खा उभा राहिला, तोही हातात मोठी पळी घेऊन. कोण आजारी आहे, कुणाला तिखट चालत नाही, कोण लाजेनं दुसऱ्यांदा मागत नाही, सगळं त्याला ठाऊक. मी पुष्कळ छावण्या चालवल्या, पण तसा वाढणारा माणूस पुन्हा मिळाला नाही. 'डोमाजीभाऊ, इकडं या गा!' अशा हाका सगळीकडून यायच्या आणि तो धावायचा. मी आवारात आलो की पळी हातात तशीच घेऊन माझ्याकडेही धावत यायचा.

त्याच टेकाडावर, शाळेच्या मागं, नवी घरं बांधून झाली. विटांच्या भिंती, वर टिनाचे पत्रे. एका बड्या असामीच्या हस्ते किल्ल्या वाटल्या, हार झाले, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर घरांना कुलपं आणि माणसं शाळेतच. विचारलं तर म्हणाले, पितृपक्ष आहे, नव्या घरात कसं जावं? बरोबर आहे म्हटलं. पितृपक्ष सरला. मग घट बसले. घट उठले. मग कुणाची सासू आजारी, कुणाचं दार दक्षिणेला. वरणाला नावं ठेवणं तर कधीच सुरू झालं होतं, रोज व्हायचं, आणि तरी कुणी हलेना! मला राग यायला लागला. फुकट जेवणाची चटक लागली, असं मी कचेरीत बोलूनही दाखवलं. दमलेला माणूस असाच बोलतो.

एका सकाळी नव्या घरांच्या बाजूनं टण् टण् आवाज येत होता. जाऊन बघतो तर डोमाजीची बायको यमुनाबाई नव्या घराच्या पुढच्या खोलीत सब्बल, म्हणजे पहार, घेऊन जमीन खोदत होती. घामानं निथळत होती.

"काहून वं बाई? नवं घर पाडता का?" मी ओरडलो.

तिनं सब्बल टेकवली. "पाहा नं साहेब. बोटभर खाली नाही गेली. नुसत्या ठिणग्या उडून राहिल्या."

"पण खोदून काहून राहिलात?"

"मागाले खड्डा लागते नं!"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. हातमाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडचा जुना माग जमिनीला धरून असतो. विणकर जमिनीच्या कडेवर बसतो, पाय खड्ड्यात. खड्ड्यात पायाखाली पावड्या असतात. त्या दाबल्या की ताण्याचे धागे वरखाली होतात आणि मधून धोटा पळतो. खड्डा नाही तर पावड्या नाहीत, पावड्या नाहीत तर माग म्हणजे नुसती लाकडं. जुनी ओळ नदीकाठच्या मऊ पांढऱ्या मातीवर होती, तिथं खड्डा हां हां म्हणता व्हायचा. म्हणून तर त्यांचे आजे-पणजे तिथं बसले होते. आणि आम्ही त्यांना खडकावर आणून ठेवलं होतं.

"मग सभेत काहून नाही बोललात कोणी?" मी विचारलं. "जागा पसंत करताना सगळ्यांना विचारलं होतं."

"सगळ्यायनं उंच जागा पाह्यजे म्हटलं. मीबी म्हटलं." ती खाली बघून म्हणाली. "पाणी डोळ्यापुढं होतं साहेब. खड्डा कोनाले आठवते तवा?"

खरं होतं. त्या सभेत मीही होतो, बांधकामाचा ओव्हरसियर होता, डोमाजी होता. उंच, उंच असं म्हणत सगळे हात वर झाले होते. घाबरलेला माणूस घर मागतो ते फक्त न बुडणारं. त्यात बसून करायचं काय, हे भीती ओसरल्यावर सुचतं. तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात.

मी वर कळवलं. वरून दोन सूचना आल्या. एक, उभ्या चौकटीचे नवे माग देण्याचा विचार चालू आहे. 'विचार चालू आहे' याचा अर्थ मला इतक्या वर्षांत कळला होता. दुसरी सूचना लगेच अमलात आणायची होती: दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर शाळा शाळेत भरली पाहिजे, सबब पंगत बंद करा. शिवाय वर्धेकडच्या एका नदीकाठी परतीच्या पावसानं पाणी शिरलं होतं आणि मला तिकडे जायचं होतं. वरिष्ठ साहेब स्वतः जीपनं आले. डोमाजीच्या हातचं जेवले आणि खूश होऊन म्हणाले, "हा माणूस सोबत घ्या. रोजंदारीवर लावू. एका छावणीवरून दुसऱ्या छावणीवर, कामाला तोटा नाही."

मलाही हर्ष झाला, का खोटं बोलू? डोमाजी सोबत असला की अर्धी कटकट कमी. डोमाजीला सांगितलं तर त्याचा चेहरा फुलला. संध्याकाळी बघतो तर आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून तो सगळ्यांना सांगत फिरत होता की आता सरकार आपल्याला नेतंय.

यमुनाबाई माझ्याकडे आली ती पदर खोचूनच. "साहेब, ह्यायले नेऊ नका."

"काहून? रोज मिळेल. इथं खातील काय?"

"खायचं आमी पाहून घेऊ. ह्यायचा हात एकदा पळीवर बसला तं धोट्यावर परत नाही बसत. आत्ताच बसून राहिला तिकडं. माही पोरगी सुताच्या कांड्या भरते, मी खळ लावतो, पण विणन कोन? विणणारा गेला तं आमी दोघी कामठीच्या कारखान्यात, अन् घराले कुलूप. मंग तुमी घर कोनाले देल्लं?"

"अवं पण खडकावर माग लागेल कसा?"

ती एकदम चिडली. "भट्टी कशी लागली खडकावर?"

आम्ही दोघंही भट्टीकडे बघायला लागलो. इतके दिवस तिच्यावरचं जेवत होतो, पण बघितली नव्हती. जमीन खाली जात नाही म्हणून डोमाजी वर गेला होता. तसंच घरात करायचं. पुढच्या खोलीत मातीचा उंच ओटा घालायचा आणि खड्डा त्या ओट्यातच ठेवायचा. विणकर ओट्याच्या कडेवर बसेल, पाय आत सोडेल, पावड्या खडकावर टेकतील. इतकं साधं! ज्यानं ते एकदा करून दाखवलं होतं, त्याला मात्र ते सुचलं नव्हतं, किंवा सुचवून घ्यायचं नव्हतं.

डोमाजीला बोलावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माती कुठून आणता?"

"नदीवरून आणू. सुरुवातीला ही भट्टी फोडू, तिच्यात पुष्कळ माती आहे," मी म्हटलं. "नाहीतरी पंगत बंदच होतेय."

"भट्टी फोडाची?" त्याचा आवाज चढला. "अन् पुन्हा पूर आला तं? लोक काय खातीन?"

"पुढच्या पुराचं मी पाहीन. तू तुझा माग पाहा."

"मले घेऊन चला नं साहेब." तो हळू बोलला. "इथं सगळे मले डोमाजीभाऊ म्हंतेत. मागावर बसलो तं गांधीबागेतला सेठ म्हंते, ए डोम्या, माल आन. पाय खड्ड्यात घातले की माणसाले कोनी पुसत नाही."

त्याचं खोटं नव्हतं. मलासुद्धा लोक साहेब म्हणायचे ते पूर असेपर्यंतच. एकदा सगळं सुरळीत झालं की त्याच गावात बस थांबवायलाही मला हात हलवत उभं राहावं लागे. आपत्तीनं मोठी झालेली आम्ही दोघं माणसं. फरक इतकाच की माझ्या मागं नोकरी होती आणि त्याच्या मागं एक बाई होती, जिला आपला माग परत हवा होता. मी म्हटलं, "डोमाजी, मी तुला नेत नाही." एवढंच म्हटलं. त्यानं पळी गंजात टाकली आणि नदीकडे निघून गेला.

शेवटची पंगत त्याच्याविना झाली. वरण खारट झालं, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी कुणीही नावं ठेवली नाहीत. भांडी घासून झाल्यावर यमुनाबाईनं सब्बल उचलली आणि थेट भट्टीवर घातली. बाया गोळा झाल्या. भाजून विटेसारखी झालेली माती, तिची वेडीवाकडी ढेकळं उडायला लागली. तिसरा की चौथा घाव असेल, नदीच्या बाजूनं डोमाजी ओरडत पळत आला.

"अवं तशी नको फोडू! भाजलेली अन् कच्ची एक करून राहिली तू! सारी माती वाया घालवशीन!"

त्यानं तिच्या हातातून सब्बल हिसकली. आतली जळकी माती वेगळी, बाहेरची कच्ची वेगळी, असे थर काढत त्यानं स्वतःची भट्टी स्वतः उतरवली. जळकी खाली भरायला, कच्ची भिजवून वर लिंपायला. सगळा वेळ तो बायकोला शिव्या देत होता आणि ती टोपली डोक्यावर घेऊन गप्प ये-जा करत होती. मी आवारातल्या पिंपळाखाली उभा होतो. माझे डोळे भरून आले होते, ते धुरळ्यानं असं मी ओव्हरसियरला सांगितलं.

एका भट्टीच्या मातीत एकच ओटा अर्धामुर्धा झाला. बाकीची माती सगळ्या ओळीनं नदीवरून वाहिली. ते काम कुठल्या सदरात बसवायचं ह्यावरून माझे आणि वरच्या साहेबांचे खटके उडाले, ते सांगून तुम्हाला कंटाळा आणत नाही. गांधीबागेतले सेठ म्हणत, माग उभा दाखवा, सूत देतो. विणकर म्हणत, सूत दाखवा, माग उभा करतो. मी सेठच्या गादीवर जाऊन बसलो आणि चहा पीत राहिलो. सरकारी माणूस दुकानात बसून राहिला की गिऱ्हाईक फिरकत नाही. वैतागून त्यांनी सूत सोडलं. कोठारात थोडा मैदा उरला होता, तो यमुनाबाईनं मागितला. खायला नाही, सुताला खळ लावायला. खाण्याची मदत खाण्याखेरीज वापरू नये असा नियम होता. मी पोतं उचलून तिच्या टोपलीत ठेवलं. माणूस पीठ पोटाऐवजी सुतासाठी मागतो, ह्याहून चांगली खूण मी नोकरीत पाहिली नाही.

आणि मी वर्धेकडे निघालो. तिथं पहिल्याच दिवशी वरण करपलं. वाढणारा पोरांवर खेकसत होता. ते करपट वरण गिळताना डोमाजीची इतकी आठवण झाली की विचारू नका.

सगळं गोड झालं असं समजू नका. त्या ओळीतल्या कितीतरी घरांत ओटे झाले, पण माग चढलेच नाहीत. माणसं कामठीच्या यंत्रमागावर गेली ती गेलीच. एका ओट्यावर तर बकऱ्या बांधलेल्या मी पाहिल्या. हातमागाचं पुढं एकूणच काय झालं ते तुम्ही जाणताच. घरं बांधून माणसं वसतात असं कागदावर ठरतं, आणि आमची शाखा ते मान डोलवून ऐकते.

निवृत्त व्हायच्या आधी, कामठीला एका लग्नाला गेलो असताना मी वाट वाकडी करून त्या गावी गेलो. पिंपळ होता, शाळेत पोरं पाढे म्हणत होती. डोमाजीच्या दारातून धोट्याचा खटखट आवाज येत होता. आत वाकून बघितलं. ओट्याच्या कडेवर तो बसला होता, केस पिकलेले, नजर धाग्यावर. जुन्या घरी विणकराशी बोलायला खाली बघावं लागायचं. इथं ओट्यामुळे तो माझ्याशी समोरासमोर होता.

"काहून गा डोमाजी, ओळखलं का?" मी म्हटलं.

त्यानं क्षणभर वर पाहिलं. ओळखलं, हसलाही. पण उठला नाही.

"बसा साहेब," तो म्हणाला. "लुगड्याचा काठ लागून राहिला. एवढा होऊ द्या, मंग उठतो."

छावणीत हाच माणूस मी आवारात आलो की पळी घेऊन धावत यायचा. आज त्यानं मला थांबवून ठेवलं, कारण त्याला काम होतं. यमुनाबाईनं आतून पाणी आणून दिलं. मी उंबऱ्यावर टेकलो आणि थांबलो. जन्मभर इतक्या माणसांना रांगेत उभं केलं, पण असं एखाद्याच्या दारात बसून थांबायला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.